बाबा अजून घरी आलेले नाहीत

आई, बाबा रविवारपासून घरी आलेले नाहीत. आज गुरुवार. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाजही आता नीट आठवत नाही, पण असं काही झालं की अजून तुलाच सांगावंसं वाटतं. दुसरं कोण आहे मला?

तू गेलीस तेव्हा बाबा ठणठणीत होते. गेल्या दिवाळीपासून मात्र विसरायला लागले. आधी चष्मा, मग दूधवाल्याचं नाव, मग एकदा मलाच विचारलं, "ताई, कोणाकडे आलात?" एकटं ठेवता येत नाही म्हणून रविवारी मी त्यांना माझ्याबरोबर नेते. मी हल्ली काय करते ते ऐकून तू कपाळाला हात लावशील. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आम्ही काही हौशी माणसं फुलपाखरं पकडतो, पंखावर मार्करने बारीक नंबर घालतो आणि सोडून देतो. पावसाळा संपला की निळ्या ठिपक्यांचे ब्लू टायगर थव्याने लांब जातात. पुढे कोणाला नंबरवाला दिसला आणि त्याने कळवलं, तर ते जातात कुठे हे समजतं.

हे खूळ तुझंच आहे गं. स्टीलचा साधा चमचा घेतला तरी नाव घातल्याशिवाय तू तो दुकानातून उचलायची नाहीस. यंत्राची किरकिर चालायची आणि मी कानांत बोटं घालून उभी. एकदा मी शेजारच्या काकूंना बिननावाच्या डब्यातून शंकरपाळे दिले आणि डबा काही परत आला नाही. ओट्याशी पोळ्या लाटता लाटता तू मला चांगलंच झापलंस, "नाव नाही त्यावर, तर तो आपल्या घरी येईल कसा? अक्कल कुठे गहाण टाकलीस?" बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणतात, "मग माझ्यावरही घालून घे नाव." तू हसतेस आणि लाटणं त्यांच्या दिशेने नाचवतेस.

मी घातलं होतं, आई. माझा मोबाईल नंबर, त्याच मार्करने, त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून. फुलपाखराला आम्ही पंखाच्या खालच्या बाजूला नंबर घालतो, कारण ते पंख मिटून बसलं की तीच बाजू लोकांना दिसते. एवढं कळणाऱ्या मला बाबांचा नंबर मात्र लपवावासा वाटला. चारचौघांत त्यांची शोभा नको, म्हणून. आता ते कुठल्यातरी बाकावर बसले असतील, तर परक्या म्हाताऱ्याची कॉलर उलटून कोण बघणार आहे?

रविवारी खुळखुळ्याच्या वाळक्या झुडपांवर फुलपाखरांची नुसती झुंबड होती. बाबा जवळच दगडावर बसलेले. माझ्या चिमटीत एक फुलपाखरू. "मी जरा जाऊन येतो गं," ते म्हणाले. "थांबा ना बाबा, झालंच," मी मान न वळवता म्हटलं, कारण चिमूट हलली की पंख फाटतो. नंबर घातला, सोडलं, वळले, तर दगड रिकामा. पोलीस, हॉस्पिटलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, पार गोवंडीपर्यंत पायपीट, सगळं करून झालं. वेड लागायची पाळी आलीय.

आज दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, मढवरून बोलतोय. तुमचा तो नंबर लिहिलेला ना, तो इकडे आलाय." मी चपलांत पाय घातले. "बरे आहेत ना?"

"हो ना, मस्त बसलाय. जरा थकलेला वाटतो."

"दादा, त्यांना सोडू नका हां, मी निघालेच. पाणी द्या. काही खाल्लंय का त्यांनी?"

तो गोंधळला. "मॅडम, मी टायगरचं बोलतोय. फुलपाखरू. त्याला काय देऊ खायला?"

'नंबरवालं फुलपाखरू दिसलं तर कळवा' म्हणून आम्ही वाटतो त्या पत्रकांवरही माझाच नंबर छापलाय, हे मी पार विसरले होते. मी त्या बिचाऱ्यावर ओरडले, मग रडले, आणि मग पंखावरचा नंबर विचारून घेतला.

बाबा तुझ्याकडे आलेले नाहीत ना गं? आले असले तरी मला कळवू नकोस. हे पत्र टाकायला कुठे पेटी नाही, तेच बरं. एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. तो माणूस 'बसलाय' म्हणाला आणि मग 'फुलपाखरू' म्हणाला, त्या मधल्या वेळात मी इतकी सुखी होते की त्याने पुन्हा फोन करावा आणि पुन्हा तसाच घोळ घालावा, म्हणून मी फोन हातात धरून बसलेय.