धूम्रगडाचे बावन्न पत्ते

रायपूर
रविवार, २४ मार्च २००२

आदरणीय रत्नाकर भाऊजींना शेखरचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि ताई तुम्हाला वेळेवर तेल लावू देत असेल, अशी आशा आहे. आम्ही इकडे धुळीसकट मजेत आहोत.

नागपूर सोडून इथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये नोकरीला आलो, तेव्हापासून कौमुदी (वय तेरा, मैत्रिणी सगळ्या नागपुरात) माझ्याशी बोलत नव्हती. काहीही विचारा, उत्तर एकच, "ठीक है", आणि मान पुन्हा 'धूम्रगढ़'मध्ये. ही सात भागांची हिंदी कादंबरी. तीत राण्या, जादूगार आणि नाकातून आग सोडणारा कोणी अंगारक आहे. मुलगी घरात असून तिचा आवाज कानावर पडू नये, याचं मला फार वाईट वाटायचं, भाऊजी. म्हणून ठरवलं की धूम्रगडाचे गमतीचे पत्ते तयार करायचे आणि तिच्यासोबत एक तरी डाव खेळायचा.

सात भाग वाचायला सवड कुठली? मी प्रत्येकाची पहिली पाच पानं वाचली आणि बाकीचं अनुभवातून भरलं. अंगारक हा अजगर असणार असं धरून त्याला उरल्याच्या भट्टीवर कामाला लावलं. कामाची पाळी सुटेपर्यंत त्याला हल्ला करता येत नाही. राणी मेघमालेला आमच्या घरमालकीण कांताबाईंचा चेहरा दिला. तिचा पत्ता पडला की सगळ्यांचं पाणी बंद. काळ्या सम्राटाचा शाप तीन प्रतींत अर्ज दिल्याशिवाय लागत नाही (आणि रायपूरसारख्या नव्या राजधानीत तो अर्ज कुठे द्यायचा हे शोधण्यात दोन डाव जातात).

जाड कागदासाठी गोल बाजार पालथा घातला. शेवटी भैय्यालाल कागदवाले म्हणाले, "भैया, इतना मोटा कागज तो शादी के कार्ड का ही आता है." मी थेट घरी आलो. आमची इंदू आलेली एकही लग्नपत्रिका टाकत नाही (हळदकुंकू लागलेला कागद केरात कसा टाकायचा, म्हणून). पंधरा वर्षांच्या पत्रिका डब्यात होत्या आणि इंदू आठवडाभरासाठी भिलाईला बहिणीकडे गेलेली. मी बावन्न पत्ते कापले, कडा गोल केल्या, कोऱ्या बाजूला चित्रं काढली. छापील पाठींचा विचार मात्र डोक्यात आलाच नाही.

आज दुपारी कौमुदी, शेजारची पिंकी आणि मी खेळायला बसलो. दुसऱ्याच डावाला पोरीने माझ्या हाताकडे नुसतं पाहिलं आणि सगळे पत्ते ओळखले. पाठीवर मोराची मान असली की अंगारक, पिसारा असला की कांताबाई. मग ती बोलली. "बाबा, तुमाले काहीच समजून नाही राहिलं. अंगारक घोडा आहे, अजगर नाही. पुस्तक पुरं वाचलं काहून नाही?" तीन अख्खी वाक्यं, भाऊजी, आणि तीही मराठीत. माझे डोळे भरून आले.

पत्ते फेकून देईल असं वाटलं होतं, पण तिने पाठींचेच नियम केले. 'आहेर आणू नये' छापलेल्या पत्त्याने दुसऱ्याचं काही घेता येत नाही. 'सहकुटुंब सहपरिवार' आला की सगळी फौज सोबत. 'आग्रहाचे निमंत्रण' पडलं की समोरच्याला लढाईला यावंच लागतं. हसण्याचा आवाज ऐकून कांताबाई भांडायला वर आल्या, स्वतःचं चित्र पाहिलं, मुकुट अजून मोठा पाहिजे म्हणाल्या आणि खेळायला बसल्या. दिवेलागणीपर्यंत मी नऊच्या नऊ डाव हरलो. आज माझ्याइतका जिंकलेला माणूस अख्ख्या रायपुरात सापडणार नाही.

ताईला नमस्कार.

आपला,
शेखर

ता. क. तुमच्या अनिमेषच्या लग्नात मामा म्हणून त्याच्या पाठीशी उभा राहायला मी येणारच आहे. ते कधी आहे तेवढं कळवा. मोर तुमच्याच पत्रिकेवरचा होता. ती गेल्याच आठवड्यात आली होती आणि इंदूने जपून डब्यात ठेवली होती, हे मला पत्ते परत जुळवून बघताना कळलं. कार्यालय सापडलं, मुहूर्त बारा छत्तीसचा तोही सापडला, तारीख कडा गोल करताना गेली. इंदू येत्या रविवारी परत येते. त्याआधी कळलं तर माझ्यावर उपकार होतील.

ता. ता. क. सगळ्या पाठी सारख्या पाहिजेत म्हणून कौमुदीला तुमच्या उरलेल्या पत्रिका हव्या आहेत, निदान बावन्न. तारीख मात्र वेगळ्या पोस्टकार्डावर लिहा. पोरगी कात्री घेऊनच बसली आहे.