रिकाम्या खिशाचं ताश्कंद

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०, कोकंद स्टेशन

शाळेला शरदाची सुट्टी लागली. आठवडाभर ताश्कंद. उद्देश: राजधानीची वास्तुकला पाहणे. दुसरा कुठलाही उद्देश नाही. हे आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःशी वाद नको.

चोवीस वर्षं भूगोल शिकवतेय आणि राजधानी म्हणजे फळ्यावरचा एक ठिपका. लाज वाटायला हवी. म्हणून प्लॅन केलाय: एकवीस स्थळं, पाच दिवस, खर्च जवळजवळ नाही. मुक्काम हुरिनिसो ओपांकडे. त्या नवऱ्याच्या चुलत बहीण, तेव्हा फुकट.

तोहिर अका, म्हणजे नवरा, पिशवी घेऊन स्टेशनवर आले होते. म्हणाले, सरळ तिच्याकडेच जा की. मी विचारलं, तिच्याकडे म्हणजे कुणाकडे? नवरा सिग्नलकडे बघत राहिला.

पिशवीत तो नानही आहे. लेक झिलोला दोन वर्षांपूर्वी ताश्कंदला शिकायला निघाली तेव्हा रीतीप्रमाणे एक घास तोडून गेली आणि उरलेला मी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला. परत येईल तेव्हा तीच संपवेल. आता घर आठवडाभर तोहिर अकांच्या ताब्यात, उंदीर होतील, म्हणून सोबत घेतला. उंदीर अजून दिसलेला नाही. पण खबरदारी.

सकाळी ११.३०, गाडीत

घाट लागला. बोगद्यात लिहिता येत नाही.

झिलोलाबद्दल एकदाच लिहिते आणि विषय संपवते. डॉक्टरकीचं दुसरं वर्ष अर्धं सोडलं आणि आता परक्या लोकांना इमारती दाखवत फिरते. मी सगळ्या मोहल्ल्यातल्या बायकांसमोर फोनवर सांगितलं होतं: पांढरा कोट अंगावर चढत नाही तोवर तुझ्या घराचा उंबरठा मी चढणार नाही. त्याला आता वर्ष होईल. शिक्षिकेनं शब्द पाळायचा असतो.

विषय संपला.

४ नोव्हेंबर, संध्याकाळ. चिलोनझोर, ओपांचं घर

आजची स्थळं: शून्य. ओपांनी मला दारातूनच आत ओढलं आणि पाच तास दस्तरखानावरून उठू दिलं नाही. सूप, वाफवलेल्या मांती, डाळिंबं, पुन्हा सूप. मी म्हटलं, ओपा, मला इमारती बघायच्यात. त्या म्हणाल्या, इमारतीच ना? या इमारतीत चाळीस वर्षं राहतेय, चल, तळघर दाखवते, पाणी साचलंय.

उद्यापासून कडक.

५ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी

आजची युक्ती माझी एकटीची नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. फोनवर एक चॅनेल आहे, ‘रिकाम्या खिशाचं ताश्कंद’. गेलं वर्षभर मी रोज वाचते, निव्वळ शैक्षणिक कारणासाठी. लिहिणारं कोण, ठाऊक नाही. उत्तर-दक्षिण कधी चुकत नाही एवढं खरं. कुणीतरी लहानपणी भूगोल चांगला शिकवलेला दिसतो.

युक्ती अशी: मेट्रोचं एकदाच भाडं भरायचं आणि वर यायचंच नाही. एकेक स्टेशन म्हणजे महाल. झुंबरं, घुमट, संगमरवर. एका भाड्यात दिवसभरात अकरा महाल.

५ नोव्हेंबर, दुपारी ४

मेट्रोत शौचालय नाही.

चार वेळा वर यावं लागलं. चार वेळा पुन्हा भाडं. शिवाय वरचं शौचालयही पैसे घेतं. एका भाड्याऐवजी नऊ. महाल पाहून झाले दोन, पैकी एकाची फक्त फरशी, कारण मी घाईत होते.

कापसाच्या बोंडांच्या नक्षीसमोर बाकावर जरा टेकले, तर लाल टोपीवाली ड्युटीवरची बाई आली. म्हणाली, आपाजान, तासभर बसलात, बरं नाही का? मी म्हटलं, नक्षी अभ्यासतेय. ती म्हणाली, नक्षी तुमच्या पाठीमागे आहे.

संध्याकाळी तोहिर अकांचा फोन. विचारलं, काय म्हणतेय वास्तुकला? मी म्हटलं, भव्य आहे. ते म्हणाले, बारीक तर नाही ना झाली? वेळेवर जेवते ना? या माणसाशी कलेबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी

चॅनेलवर आजची सूचना वाचून थक्क झाले. जशीच्या तशी उतरवते: “मेट्रो पाहायला निघालेल्या पाहुण्यांनी सकाळचा तिसरा चहा टाळावा. डावा गुडघा दुखत असेल त्यांनी जिना सोडून सरकत्या पायऱ्यांनी जावं. आणि लोकरी रुमाल गळ्याला गुंडाळावा, पिशवीत ठेवू नये, तो त्यासाठी नसतो.”

माझा डावाच गुडघा. मी सकाळी तीनच प्याले घेते. रुमाल पिशवीत आहे. लिहिणाऱ्यानं मध्यमवयीन प्रवाशांचा किती खोल अभ्यास केलाय! सगळ्या बायका सारख्याच असतात, एवढंच यातून सिद्ध होतं.

ओपांना वाचून दाखवलं तर त्या कणकेत तोंड खुपसल्यासारख्या वाकल्या आणि खांदे हलायला लागले. खोकला असावा.

संध्याकाळी

टीव्हीचा मनोरा. वर जायचं तिकीट म्हणजे आमच्याकडचा दोन दिवसांचा बाजार. म्हणून खालूनच पाहायचा ठरवला. उंची जाणवायला बाकावर आडवं होऊन पाहिलं. छान दिसतो. एवढ्यात दोन बाया धावत आल्या, एकीनं तोंडावर पाणी मारलं, दुसरी नाडी शोधायला लागली. मी म्हटलं, मी वास्तुकला पाहतेय. नाडीवाली पाणीवालीला म्हणाली, बरळतेय.

ती नाडीवाली डॉक्टर निघाली. तरुण, हसरी, थकलेली. पांढरा कोट बॅगेत कोंबला होता आणि डोळ्यांखाली काळं. विचारलं, काम आवडतं का गं? ती म्हणाली, मला आवडतं खाला, पण माझ्याबरोबरच्या निम्म्यांना त्यांच्या आयांनी ढकललंय, ते रडतात.

हे इथे का लिहिलं, कळत नाही. वास्तुकलेशी संबंध नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी

सहा स्थळं करायची होती. सकाळी ओपांनी पिशवीत सामसे भरायला घेतले आणि हाताला नान लागला. विचारलं, हा काय प्रकार? मी उंदरांचं सांगितलं. ओपा मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, अगं माव्जुदा, वेडी की काय तू! वाटेचा नान घरी टांगतात तो गेलेल्या माणसाला घरी ओढायला. तो उचलून तू त्याच माणसाच्या गावात आणलास? आता तो तुलाच इकडे ओढत बसेल की!

मी सांगितलं की मी विज्ञानाची आहे, धान्याच्या पिठात ओढण्याची शक्ती नसते. त्या म्हणाल्या, मग कोकंदहून इथवर तुला काय ओढून आणलं, मनोरा?

मी सामसे मोजायला लागले. मोठ्यांशी वाद घालू नये.

सामसे बारा भरले. मी म्हटलं, एवढे मला? त्या म्हणाल्या, वाटेत कुणी भेटलं तर. कुणी भेटलं नाही. बारा खाल्ले नाहीत, नऊ खाल्ले.

७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६

चौकातलं ते मोठं हॉटेल, उघडलेल्या पुस्तकासारखं, अख्ख्या दर्शनी भिंतीला जाळी. बाहेरून फुकट. पण चॅनेलवर लिहिलंय की आतला दिवाणखाना पाहावाच, चेहऱ्यावर ‘मी इथेच उतरलेय’ असा भाव आणावा. आणला. काळा चष्माही लावला. आत अंधारून आलं आणि मी कुंडीला धडकले.

दारावरच्या माणसानं फार अदबीनं विचारलं, आपाजान, कुणाला भेटायचंय? उत्तर तयार होतं: मी वास्तुकलेची अभ्यासक आहे. तोंडातून निघालं: मुलीला.

हे मी निव्वळ प्रसंगावधानानं म्हटलं. त्यानं मला खुर्चीवर बसवलं, म्हणाला, येईल, बसा. आणि चहा पाठवला. चहा फुकट असावा असं मी धरून चालले. नव्हता. उरलेल्या दिवसांचं बजेट त्या एका चहात विरघळलं. लिंबाची चकती होती.

अर्धा तास बसले. अर्थातच कुणी आलं नाही. कोण येणार?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

घरीच. खिसा खरोखरच रिकामा झालाय. ओपांबरोबर गाजरं चिरली. एकवीसपैकी चार झाली, तळघर धरलं तर पाच.

दुपारी चॅनेलवर: “उद्या शनिवार, सकाळी अकरा, निळ्या भिंतींच्या अंतराळवीरांच्या स्टेशनात फेरी. शिक्षकांना फुकट. भूगोल शिकवणाऱ्यांना चहासुद्धा. पिशवीत काही वाळलेलं असेल तर आणावं, चहात बुडतं.”

धोरण विचित्र पण स्वागतार्ह आहे. भूगोलाच्या शिक्षकांची कदर क्वचितच होते. वाळलेल्याचं कलम समजलं नाही.

जाणार. फेरी कोण घेतं याच्याशी मला कर्तव्य नाही. खांबामागे उभी राहीन, ऐकेन, निघून येईन. चष्मा, वर केलेली कॉलर, सगळं. ओळखणं अशक्य.

ओपांनी जाण्यायेण्याच्या मेट्रोपुरते पैसे हातात कोंबले. म्हणाल्या, तिसरा चहा मी देणार नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०.५०, गाडीत

सगळं वेळेत. पाच मिनिटं आधीच पोहोचेन. गाडी बदलतानाही कुणाला विचारलं नाही. नकाशा डोक्यात असला की असं असतं.

सकाळी ११.२०

मार्गाच्या शेवटच्या स्टेशनात. उलट्या टोकाच्या.

गाडी बरोबर होती. दिशा चुकली. वाटेत उलट्या बाजूचं चोरसू स्टेशन लागलं तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण मी खांबामागे कसं उभं राहायचं याचा विचार करत होते. चोवीस वर्षं मी पोरांना सांगतेय, आधी उत्तर शोधा.

१० नोव्हेंबर, रविवार. दुपारी, कोकंदच्या गाडीत

कालचं लिहायला काल वेळ झाला नाही.

निळ्या स्टेशनात पोहोचले तेव्हा बारा वाजत आले होते. फेरी केव्हाच संपलेली. पाहुणे पांगलेले. भिंतीवर अंतराळवीर तरंगत होते आणि खाली बाकावर थर्मास मांडीत घेऊन एक पोरगी बसली होती. मी खांबामागे गेले.

ती मान न वळवता म्हणाली, ओयी, अहो आई, चष्मा काढा, परवासारख्या धडकाल.

मी म्हटलं, वास्तुकला पाहतेय.

उलट्या गाडीत बसलात ना?

मी सांगितलं की ते टोकही पाहायचं होतं.

तुला परवाच्या कुंडीचं कुणी सांगितलं असं मी विचारणार होते, मग आठवलं, ओपांना मीच सांगितलं होतं. ओपा तिला रोज फोन करत होत्या म्हणे. पहिल्या दिवसापासून. तोहिर अका त्याच्याही आधीपासून. तर माझ्या गुप्त सहलीची माहिती नसलेली व्यक्ती जगात एकच उरली होती आणि ती ही वही लिहिते.

हॉटेलातही मी येणार होते, ती म्हणाली, ओपांचा निरोप उशिरा मिळाला. धावत आले, तर तुम्ही निघून गेला होतात. खुर्चीवर रुमाल विसरला होतात. तिनं तो बॅगेतून काढला आणि माझ्या गळ्याला गुंडाळला. दोन वेढे, मी तिला लहानपणी घालायचे तसे.

मी नान बाहेर काढला. ती म्हणाली, ओपांचं खरं निघालं तर. हा तुम्ही इथे आणलात? असं कोण करतं? मी म्हटलं, उंदीर. ती म्हणाली, ओयी, आपल्याकडे मांजर आहे.

थर्मासचं झाकण उघडणार, तोच लाल टोपीवाली हजर. इथे खायचं नाही. तीच बाई, आज ड्युटी इथे. म्हणाली, आज तरी नक्षी समोर आहे का?

मग वर. मग वीस मिनिटं चालत तिच्या घरापर्यंत. चौथा मजला, लिफ्ट नाही. दारात मी थांबले. शब्द म्हणजे शब्द. तिनं एकदाही आग्रह केला नाही. आतून दोन प्याले आणले आणि माझ्याशेजारी जिन्यावरच बसली. नान दगड झाला होता. कोपरा चहात बराच वेळ बुडवून ठेवावा लागला. तेवढ्यात तिनं मला फेरी ऐकवली, सकाळी चुकली ती. जिन्यावर बसून, हातांनी घुमट काढत. मोझेक कुणी लावलं, निळा रंग वर जाताना गडद का होतो. वर्गात शेवटच्या बाकावरचंही पोर ऐकेल असं सांगते. हे कुठून आलं तिच्यात, माहीत नाही.

खालच्या मजल्यावरची म्हातारी मांजर घेऊन वर आली. विचारलं, इथे काय करताय? मी म्हटलं, वास्तुकला पाहतेय. ती म्हणाली, जिन्याची? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग कठडा बघा, हलतो.

झिलोलानं कोपरा खाल्ला. सावकाश, सगळा चावून. मला वाटलं, आता पूर्ण संपवेल आणि मग खिळ्याला काहीच उरणार नाही. पण तिनं बाकीचा पुन्हा कापडात बांधला आणि माझ्या पिशवीत ठेवला. म्हणाली, राहिलेला नवरोजला. घरी. खिळा तोच ठेवा.

मी म्हटलं, बघू. रुमालाला तिसरा वेढा घातला. जिन्यावर गारठा असतो.

आणि इथपर्यंत माझा शब्द शाबूत होता. पण चहा मी तीन प्याले घेतले होते. तिनं ओतला की नाही म्हणवत नाही. तासाभरानं परिस्थिती अशी झाली की खाली चार मजले उतरून सार्वजनिक शौचालय शोधणं शक्य नव्हतं. मी उठले. झिलोला बाजूला सरकली आणि छताकडे बघायला लागली, अगदी बापासारखी.

तर नोंद असू द्यावी की उंबरठा मी निसर्गाच्या सक्तीनं ओलांडला. याला भेट म्हणता येणार नाही.

परत बाहेर येऊन बसणं मूर्खपणाचं दिसलं असतं. खोली लहान आहे. छताला ओल आलीय, खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. टेबलावर शहराचा नकाशा, त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेली एक जुनी चिठ्ठी टाचलेली: आधी उत्तर शोधा. मी संध्याकाळपर्यंत तिथेच होते. पांढऱ्या कोटाचा विषय निघाला नाही. मी काढला नाही. तिला हे इमारती दाखवायचं काम आवडतं, हे मी वास्तुकलेची अभ्यासक म्हणून तटस्थपणे नमूद करते.

एकवीस स्थळांपैकी नीट पाहिलेली: एक.

घाट आला. आत्ताच तोहिर अकांचा फोन येऊन गेला. बोगदा लागणार होता, म्हणून त्यांनी घाईत विचारलं, वास्तुकला कशी आहे?

बारीक झालीय, मी म्हटलं. पण माझ्यासमोर जेवली.