अर्ध्या बुशाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, पूर्ण शुद्धीत आहे. थकले आहे, पण थकवा म्हणजे भ्रम नव्हे. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. मला सांगायची कोणाची टाप नव्हती, हेच तर दुखणे.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. मोरीचा नळ गळतो, तो तिने बदलावा. माझ्याच्याने झाले नाही.

२. काचेचे कपाट भाचीला. त्यात न वितळवता ठोकून घडवलेल्या जुन्या लोखंडाचा तुकडा, दिव्यातली टंगस्टनची तार, धातू कापायचे कार्बाइडचे टोक आणि आमच्या पहिल्या खेपेतला, कापलेला अर्धा बुश आहे. सगळ्यांची रीत एकच. धातूची भुकटी दाबायची, वितळू न देता भाजायची, की कण एकमेकांना धरतात. लोहार हे लोखंडात करत आला. पुस्तकांत फार उशिरा आले.

३. कारखाना माझ्या कमाईचा. धाकट्या दिरांचा त्यावर डोळा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पंचवीस वर्षांपूर्वी पंख्यांसाठी दिलेले आमचे पहिले दोन हजार बुश, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यांत फिरतो त्या नळ्या, जाम होऊन परत आले. या बुशांना बारीक छिद्रे असतात. त्यांत मुरवलेले तेल जन्मभर पुरते. मी भुकटी दाबणाऱ्या प्रेसवाल्याला फैलावर घेतले.

"दाब जास्त दिलास. छिद्रे बुजली."

"बाई, तुम्ही सांगितला तेवढाच दिला. एक कापून बघा."

"मला शिकवू नकोस!"

तो जेवणाचा डबा उचलून गेला, तो पुन्हा कामावर आला नाही. मी कापून पाहिले नाही.

गेल्या वर्षी जेवताना दीर हसत म्हणाले, "वहिनी, ते तेलकट बुश मीच रॉकेलात भिजवून, लख्ख पुसून पाठवले होते. गिऱ्हाइकाला स्वच्छ माल आवडतो!"

उष्ट्या हाताने उठले. परत आलेल्यांतला एक बुश कापला, घासला, भिंगाखाली धरला. छिद्रे मोकळी होती; दाब बरोबर होता, तेलच रॉकेलाने धुऊन गेले होते. तासाभराचे काम.

सबब भट्टी, प्रेस, साचे आणि जागा प्रेसवाल्याला. मी त्याच्या दारात गेले होते. तो म्हणाला, "बाई, गुडघे गेले. मशीन काय करू? पोरगी अजून विचारते, बाबा, तुमचं चुकलं काय होतं?"

४. म्हणून कलम तीन कारखान्यात सर्वांसमोर, त्याच्या मुलीदेखत, दिरांनी मोठ्याने वाचावे. मग उरलेला अर्धा बुश तिच्या हाती द्यावा. दिरांना पुसायचे फडके.

मी आहे तोवर प्रेसवाला माझ्याशी पुन्हा मोकळेपणाने बोलला तर बरे. नाही बोलला तरी वरील एक अक्षर बदलणार नाही.

सही: कारखान्याची मालकीण
साक्षीदार: समोरच्या डॉक्टरीणबाई, शेजारचे छापखानेवाले (दोघांनी मला सही करताना पाहिले)
स्थळ: कारखान्याची वरची खोली
दिनांक: ४ मार्च