उर्स्यूलचे हात सोडण्याबाबत

मी, इझाबो वेझियां, वनस्पतिशास्त्रज्ञ गास्पार वेझियां यांची विधवा, राहणार मोंपेलिए, हे मृत्युपत्र नोटरी फुल्क्रांसाहेबांना सांगून लिहवून घेते. पाय गेले आहेत, डोकं जागेवर आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही. ती मीच करणार आहे.

राहतं घर माझ्या बापाने हुंड्यात दिलेलं. ते मी नात उर्स्यूल हिला देते. माझ्या लग्नापासून या घराच्या खिडक्या उघडलेल्या नाहीत, कारण ऊन लागलं की वाळवलेल्या फुलांचा रंग उडतो. माणसांचा उडाला तरी चालतो. नवरा राजाच्या जहाजांतून मुलूख हिंडला आणि मी त्याने धाडलेल्या, दाबून वाळत घातलेल्या पाल्याखालचे ओले कागद बदलत बसले. एक दिवस चुकला की बुरशी. माझी बहीण वारली तेव्हाही कागद ओलेच होते, जाता आलं नाही. त्याने एका वेलीला माझं नाव दिलं. पुढे पॅरिसच्या पंडितांना कळलं की तिला आधीच दुसरं नाव आहे, माझं खोडलं. तो रडला. मला बरं वाटलं.

तो समुद्रापार कायेनला तापाने गेला. आता मुलगा बार्तेलेमी येत्या महिन्यात जहाजावर चढतोय आणि कागद उर्स्यूल बदलते. तिला मार्सेयला मावशीच्या टोप्यांच्या दुकानात जायचं आहे. बापाला विचारलं तर म्हणतो, "तुझ्या नावाचं फूल आणीन हं, पोरी."

ती म्हणाली, "फूल नको बाबा, जाऊ द्या."

नोटरी म्हणाले, "आजीबाई, नात बापाच्या ताब्यात आहे. घर तिला दिलंत तरी वापरणार तोच."

"मग लिहा, त्याने घराला हात लावायचा नाही."

"ते लिहितो. पण पोरीचं काय?"

पोरीचं आमच्या मुलखात असं : मूल गुडघे टेकून जोडलेले हात बापाच्या हातांत देतं आणि न्यायाधीशासमोर बाप आपले हात उघडतो. उघडले तर मूल मोकळं. नाही उघडले तर केस पिकेपर्यंत त्याच्या ताब्यात.

म्हणून लिहा. नवऱ्याने गोळा केलेला सगळा वाळका पाला, कपाटांसकट, तो माझ्या नावे करून गेला आहे. बार्तेलेमीचा जीव त्यात अडकलाय. जहाजावर चढण्याआधी त्याने उर्स्यूलचे हात सोडले तर पाला त्याचा. नाही सोडले तर धर्मार्थ दवाखान्याच्या चुलीचा.

तांब्याचं मोठं पातेलं मोलकरीण तिबाल हिला. धाकट्या जावेला काही नाही. कारण तिला ठाऊक आहे.

हे वाचून दाखवलं तेव्हा बार्तेलेमी हजर होता. म्हणाला, "आई, ही धमकी आहे."

"नाही रे. धमकी फुकट देता येते, याला मुद्रांकाचा कागद लागला."

"त्या कपाटांत बाबांचं अख्खं आयुष्य आहे!"

"माझंही. मला कोणी विचारलं होतं?"

मी बोलावून आणलेले न्यायाधीश पलीकडच्या खुर्चीत बसून आहेत. उर्स्यूल गुडघे टेकून आहे. बार्तेलेमीने हात खिशातून काढलेले नाहीत. तो ते काढेपर्यंत पाल्याचा एकेक गठ्ठा आमच्याच चुलीत जावा. या कलमाने माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. तिबाल पहिला गठ्ठा घेऊन गेली आहे.

सही : इझाबो वेझियां
(अक्षर हललं आहे ते रागाने, अशक्तपणाने नव्हे.)

साक्षीदार : एमरी गिराल, औषधविक्रेता, सॉवेर पुजोल, कागदविक्रेता

मोंपेलिए, ९ मार्च १७७१