धोतऱ्याचा धूर

बाबा, परवा परळच्या इस्पितळात तुमचे जावई माझ्याकडे बघून म्हणाले, "या बाई मघापासून थांबल्यात, त्यांना आधी जाऊ द्या." रांगेतले हसले, मीही हसले. विसरण्याच्या आजारावरची एक गोळी मेंदूत नेमकं काय करते, याचं तिथे संशोधन चाललंय. यांच्या डोक्याला तारांची टोपी घालतात, पडद्यावर चित्रं दाखवतात आणि लक्ष किती टिकतं ते बघतात. तिथली डॉक्टर पोरगी गोड आहे. म्हणाली, "काकू, मेंदूत निरोप पोचवणारं एक केमिकल असतं. काकांचं ते कमी पडतंय. गोळी ते लवकर संपू देत नाही, आहे ते पुरवते." पुरवणं म्हणजे काय, ते मला वेगळं सांगायला नको.

मग तिने विचारलं, घरगुती औषध काही देता का? म्हटलं, नाही गं, सोमवारी शंकराला धोतऱ्याचं फूल वाहते तेवढंच. "शंकराला चालतं," ती हसून म्हणाली, "काकांपासून लांब ठेवा. धोतरा त्याच निरोपाची वाट अडवतो. तोंड कोरडं पडतं, माणूस नसलेलं काहीतरी हवेतून वेचत बसतो."

मी पर्स मांडीवर घट्ट धरली. लालबागची आपली खोली समोर उभी राहिली. गिरणी बंद पडलीय, कापसाच्या धुळीचा दमा तेवढा तुमच्याजवळ उरलाय. देवळामागून आणलेली धोतऱ्याची वाळकी पानं आई धुपाटण्यात टाकते आणि तुम्ही डोक्यावरून चादर घेऊन धूर ओढता. छाती मोकळी होते. मग सारखं पाणी मागता, आणि दिवेलागणीला हवेतलं तुटलेलं सूत चिमटीत धरून, पीळ देऊन जोडायला लागता. शेजारच्या काकी म्हणायच्या, "गिरणी डोक्यात गेली गो यांच्या." आई तुम्हाला अंगारा लावायची, आणि दम लागला की पुन्हा तोच धूर. हे त्या धुरानं होतंय, असं कुणाच्या मनातही आलं नाही. धोतरा तर देवाचा.

एरवी तुम्ही माझ्याशी बोलायचात ते 'दार लाव' एवढंच. त्या वेळी मात्र जवळ बोलवायचात. "बाय, टोक धर. घट्ट नको." मी रिकामी चिमूट धरून उभी राहायची. "हात चांगला आहे तुझा. तुटत नाही." मी मॅट्रिक झाले तेव्हाही असं काही बोलला नव्हतात.

डॉक्टर सांगत होती, त्या धुंदीतलं माणसाला नंतर काही आठवत नाही, समोर कोण आहे तेही पुष्कळदा कळत नाही. पुष्कळदा म्हणाली, नेहमी नाही. "अजून काही विचारायचंय, काकू?" मी मान हलवली, नाही म्हटलं.

हा कागद घडी करून देव्हाऱ्यातल्या शंकराच्या तसबिरीमागे ठेवतेय. त्या पोरीला सगळं माहीत असतं, बाबा. म्हणूनच तुमच्या त्या 'हात चांगला आहे तुझा'बद्दल विचारलं नाही.