मास्तरांची घाई

बीडीडी चाळ, वरळी
नोव्हेंबर १९५८

प्रिय मनमोहन,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. भुसावळला थंडी पडू लागली, खानावळीतली आमटी पाणचट असते, कचेरीतले साहेब बरे आहेत, एवढं सगळं कळलं. शेवटी 'सर्वांस नमस्कार' आहे. त्या सर्वांत तुझे बाबाही आले असं मी धरून चालले. आई झाल्यावर असं बरंच काही धरून चालावं लागतं.

मी दमले आहे रे. दमलेल्या माणसाला थोडक्यात सांगता येत नाही, म्हणून पत्र लांबेल. श्रावणात 'बाबांची तब्येत जरा नरम आहे' असं मी तुला लिहिलं होतं. त्यातलं 'जरा' खरं नव्हतं. त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून तेव्हा लिहिलं नाही, आणि मग रोज उद्यावर ढकलत राहिले. ज्या माणसाला जरा गप्प बसा म्हणून मी जन्मभर विनवलं, तो आता गप्प पडून आहे आणि मला घर खायला उठतं.

संध्याकाळ सगळ्यांत वाईट. मिलचा भोंगा झाला, की सुरुवातीला त्यांचा डावा हात खुंटीकडे जायचा. खुंटीला ती ख्रिस्ताच्या शुभवर्तमानांची खाकी पिशवी अजून आहे. शाळा सुटल्यावर चहाचा घोट उभ्याने घेऊन गेटवर पळायचे, पाळी सुटून माणसं बाहेर पडायच्या आत. जेवायला बसलेल्याला सांगायचे, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेल्यालाही सांगायचे. 'वेळ थोडा आहे' हे त्यांचं पालुपद. चाळीतली पोरं त्यांना 'घाईमास्तर' म्हणत, आणि तू लहानपणी त्यावरून मारामाऱ्या करून येत होतास. विसरला नसशील.

चळवळीच्या पहिल्या दिवसांत लालबागच्या नाक्यावर त्यांना पकडलं होतं, ते आठवून परवा मला एकटीलाच हसू आलं. स्टुलावर उभे राहून 'जागे व्हा, वेळ थोडा आहे' म्हणायला लागले आणि ही गर्दी जमली. लोकांना वाटलं संयुक्त महाराष्ट्राचा वक्ता आहे. पोलिसांनाही तेच वाटलं. सगळ्यांना एकाच गाडीत घातलं. कोठडीत ह्यांनी पुन्हा सुरुवात केली. हे म्हणायचे पश्चात्ताप, की सत्याग्रही ओरडायचे 'झालाच पाहिजे'. हे म्हणायचे अंतःकरणाचा पालट, की पुन्हा तेच. घरी आले ते इतके खूश होते, की जन्मात अशी मंडळी मिळाली नव्हती म्हणाले. मी म्हटलं, दाराला कुलूप होतं म्हणून. त्यावर तूही हसलास आणि तेही हसले. तुम्ही दोघं एकदम हसलात ते ह्या घरात शेवटचं.

कारण पुढे आनंदा गेला. शेजारच्या लक्ष्मीचा एकुलता एक, तुझ्याबरोबर वाढलेला. मोर्चातही नव्हता तो. कामावरून परत येताना गोळी लागली. आवारात तिरडी बांधत होते, चाळीतल्या माणसांना एकमेकांकडे बघवत नव्हतं, आणि तुझे बाबा पिशवी काखोटीला मारून लोकांच्या हातात हस्तपत्रकं द्यायला लागले. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तू त्यांचा हात धरून म्हणालास, "बाबा, आज तरी नको." आणि ते म्हणाले, "आजच." तू पिशवी हिसकून कागद गटारात फेकलेस. महिन्याभरात भुसावळची नोकरी धरलीस. तेव्हापासून त्यांनीही तुझं नाव तोंडाने घेतलं नाही. 'तुमचे चिरंजीव काय म्हणतात?' एवढंच विचारायचे, तेही मी पाठमोरी असताना.

मी त्या दिवशी तुझ्या बाजूची होते आणि आजही आहे. पण एक गोष्ट तुला कोणी सांगितलेली नाही, ती सांगते. बाबांना एक धाकटा भाऊ होता, चिंतामणी. बाबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावच्या घराने त्यांना बाहेर काढलं, पण हा चिंतामणी त्यांना चोरून भेटायला यायचा. एकदा त्याने विचारलं, दादा, तुला त्यात असं काय गवसलं ते मला नीट सांग. बाबांना कुठेसं जायचं होतं. म्हणाले, पुढच्या खेपेला निवांत बसून सांगतो. ते इन्फ्लुएंझाच्या साथीचं साल होतं. पुढची खेप आलीच नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्यांनी मला हे सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. तिरडी दिसली, की त्यांना चिंतामणी दिसत असणार. त्याने त्यांचं वागणं बरोबर ठरत नाही. तरी तुला ठाऊक असावं.

आता माझं ऐक. दसऱ्याच्या सुमारास त्या डाव्या हाताची धडपड मला बघवेना. मी खुंटीवरची पिशवी घेतली आणि गेले गेटवर. मी, जिने उपासनेत मोठ्याने प्रार्थनासुद्धा कधी केली नाही. गेटच्या भिंतीशी चोरासारखी उभी राहिले. एक-दोघांनी मास्तर कसे आहेत विचारलं, बाकीचे आपल्या वाटेने गेले. मला तर हायसंच वाटलं. तेवढ्यात सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातून लक्ष्मी बाहेर आली. बोनस नाही, सण नाही, पोर गेल्यापासून ती नुसती कामावर जाते आणि येते. पिशवी बघून थांबली. म्हणाली, "मास्तर लय घाईत बोलत, माका कायच कळाक नाय. तू सावकास सांग."

काय सांगणार होते मी? आम्ही फुटपाथवर टेकलो. मी म्हटलं, एका बाईचा मुलगा होता. त्याचा काही अपराध नव्हता. भर दिवसा सरकारच्या शिपायांनी त्याला मारलं आणि आई समोर उभी होती. मग तो तिसऱ्या दिवशी उठला हे सांगितलं. लक्ष्मी पदराचा सुटलेला धागा ओढत बसली. मग विचारलं, "मगे तो आवशीक परत गावलो?" आईला परत मिळाला का, एवढंच तिला हवं होतं. मी म्हटलं, मिळाला. आणि मनमोहन, ते म्हणताना मला कळलं, की हे मी खरं मानते. इतकी वर्षं बाबांच्या मागून ऐकून ऐकून कान किटले होते, पण माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं.

लक्ष्मी ख्रिस्ती झाली नाही. तिचा देव्हारा जागच्या जागी आहे. पण आता आठवड्यातून दोनदा येते, बाबांच्या उशाशी बसते आणि पुढचं सांग म्हणते. मी सावकाश सांगते. बाबा ऐकतात आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. पुसायला मलाच उठावं लागतं. कूस बदलायला, जेवण भरवायलाही मीच. हात भरून येतात.

वाचा गेली म्हटलं, पण एक शब्द राहिला आहे. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. सगळी भाषा पुसली जाते आणि एखादा शब्द मागे उरतो, तो कुठला हे कोणाच्या हातात नसतं. पाळकसाहेब आले, त्यांनी मोठ्या आशेने प्रभूचं नाव घ्या म्हणून सांगितलं. बाबा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "मनू." तू पाळण्यात होतास तेव्हाची ती हाक, मीही विसरले होते. पाणी हवं असलं तर मनू, पाय दुखला तर मनू. आम्ही आमेन म्हणतो तेव्हा ते मनू म्हणतात. भोंगा झाला, की आता खुंटीकडे नाही, दाराकडे बघून म्हणतात. परवा पुन्हा इस्पितळात नेलं होतं. दुसरा झटका पेलणार नाही म्हणाले डॉक्टर. तुझ्या विश्वासाचं मी काही विचारत नाही, ते तू आणि प्रभू बघा. रजेचा अर्ज कर आणि मंजुरीची वाट बघू नकोस. पुढच्या खेपेला नको, बाळा. वेळ थोडा आहे. आजच नीघ.

वाट बघणारी तुझीच,
आई