रेघांची वही परत मिळणेबाबत

प्रति,
मा. वसतिगृह अधिकारी साहेब,
चंद्रपूर

विषय : मुलांची दारू सोडवण्याच्या प्रयोगाची वही परत मिळणे व लालसू कुळमेथे यास पुन्हा दाखल करून घेणेबाबत.
संदर्भ : अकरा मुलांची नावे कमी केल्याचे आपले दि. २२ सप्टेंबर १९८६ चे पत्र.

महोदय,

अर्जदार सत्यशीला देवराव खोब्रागडे, वय ४७, ही कोसमडोह येथील मुलांच्या वसतिगृहात चौदा वर्षांपासून स्वयंपाकीण असून शिक्षण चौथी, पुढचे वाचन किराण्याच्या पुड्यांवर झाले आहे. ती सविनय लिहून देते की,

१. मोठी मुले बाजाराच्या दिवशी मोहाची दारू पिऊन येत. वॉर्डन भैयाजी छडीने मारत, मुले मार खाऊन आणखी पीत. एका पुडीवर अर्जदाराने वाचले, की परदेशात अशा मुलांना मारत नाहीत. न प्यालेल्या दिवसाचे काही बक्षीस देतात. काय देतात, तेवढा कागद गुळाला चिकटून गेला. म्हणून तिने आपल्या मनाने घंटा ठरवली.

२. सकाळी वाढताना तोंडाला वास नसला तर वहीत नावापुढे एक रेघ, असला तर ‘वास’ हा शब्द. सलग सात रेघा झाल्या की शाळेची घंटा त्याने वाजवायची. कुणी पेरूची पाने चावून येई व म्हणे, “पेरूच खाल्ला न, बाई.” “मंग बकऱ्यांत जाऊन बस,” असे म्हणून अर्जदार ‘वास’ लिही. पाच महिन्यांत अकरांपैकी सात मुलांची दारू सुटली. लालसू, वय १५, याचे वास तीन, रेघा एकशे चार.

३. इतर वसतिगृहांस उपयोग व्हावा म्हणून अर्जदाराने वही आपणाकडे पाठवली. चूक तिचीच. तिला वाटले, साहेब रेघा पाहतील. कचेरीने वास पाहिले व अकराही नावे काढली. जी मुले वहीत यायलाच तयार नव्हती ती अजून इथेच आहेत, व पितात. घंटा आता पुन्हा शिपाई पत्रू वाजवतो, कारण ती त्याच्या कामात लिहिलेली आहे.

४. नाव कमी झाल्यावरही लालसू दोन कोस चालून रोज सकाळी स्वयंपाकघराच्या मागल्या दाराशी येई. “वास घे, बाई. नाई न? मांड रेघ.” वही साहेबांपाशी आहे म्हटल्यावर म्हणाला, “मंग भिंतीवर मांड.” अर्जदाराने कोळशाने मांडली. अशा एकोणीस झाल्या. विसाव्या दिवशी तो कुंपणापाशीच थांबला, वासासाठी तोंड पुढे करीना. “माहं नावच नाई आता. रेघ कोणाच्या पुढं मांडशीन?” एवढे बोलून गेला. त्यानंतर आला नाही.

५. काढलेले नाव परत लिहिण्याचा नमुनाच छापलेला नाही, असे भैयाजी सांगतात. तसे असल्यास निदान वही द्यावी. अर्जदारास ती लालसूच्या घरी नेऊन त्याच्यापुढे ठेवायची आहे. तो स्वतः मोजील. त्याला शंभराच्या पुढे येते.

वहीच्या वाटेकडे डोळे लावून,
आपली नम्र,
सत्यशीला देवराव खोब्रागडे
कोसमडोह, दि. २० ऑक्टोबर १९८६

सोबत :
(१) आपल्या पत्राची नक्कल.
(२) एकोणीस रेघा. भिंत जोडता येत नाही. साहेबांची पाहणी येत्या सोमवारी असल्याने भैयाजींनी शनिवारी भिंतीला चुना मारायला सांगितले आहे.